मदत हवी आहे: झुरळाच्या पायावर अजिनोमोटोचा प्रयोग

नमस्कार. मी परभणीत बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड फवारतात, म्हणून ‘औषध किड्याच्या नसांवर काय करतं’ हा प्रश्न दरवर्षी येतो. आपल्या हातापायाच्या स्नायूंना नस ॲसिटिलकोलीन या रसायनाने इशारा देते. किड्यांत ते काम ग्लुटामेट करतं, ॲसिटिलकोलीन मुख्यतः मज्जागंडिकांत (नसपेशींच्या पुंजक्यांत) असतं. हा फरक मुलांना डोळ्यांनी दिसावा, एवढीच इच्छा आहे.

झुरळ बर्फाच्या पाण्यात ठेवून निपचित केलं, मागचा पाय कापला, दोन टाचण्या टोचून एलएम ३८६ चिपच्या ॲम्प्लिफायरला जोडल्या. पायावरचा काटा काडीने हलवला की स्पीकरमधून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी तडतड येते. अगदी स्पष्ट! मग अजिनोमोटोचं, म्हणजे सोडियम ग्लुटामेटचं, १ टक्का पाणी सुईने आत सोडलं. पाय आखडला, तडतड वाढली आणि दोन-तीन मिनिटांत सगळं गप्प.

अडचण ही की दुसऱ्या पायात ०.९ टक्के मिठाचं पाणी सोडलं तरी तडतड थोडी वाढलीच. पाय उन्हाळ्याने सुकत असेल म्हणून ओल्या कापसावर ठेवून पाहिला, फरक नाही. ऑसिलोस्कोप (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र) नाही, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करता येतो. कीटकनाशक मुलांच्या हातात द्यायचं नाही.

तर तुलनेसाठी द्रावण नेमकं कसं बनवावं, म्हणजे दिसणारा परिणाम सोडियमचा नसून ग्लुटामेटचाच आहे हे ठरेल? आणि नसेची तडतड व स्नायूची तडतड नुसत्या रेकॉर्डिंगवरून वेगळी ओळखता येते का?