ईआरके तेच, मग ईजीएफने पेशी विभागते आणि एनजीएफने न्यूराइट काढते, असं का?

पेशीतली_पोर: एमएस्सी बायोटेक, सेकंड इयर. सेमिनारला टॉपिक मिळालाय कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) ते ट्रान्स्क्रिप्शन (जीनवरून आरएनए बनणं). रास-रॅफ-मेक-ईआरके ही एकाने पुढच्याला चालू करायची प्रोटीनची साखळी पाठ आहे, ईआरके न्यूक्लियसमध्ये जातं, एल्क-१ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला फॉस्फेट लावतं, सी-फॉस जीन चालू होतं, इथवर ठीक. पण पीसी१२ पेशींना (लॅबमध्ये वाढवतात त्या रॅटच्या ट्यूमरच्या पेशी) ईजीएफ हे ग्रोथ फॅक्टर दिलं की त्या डिव्हाइड होतात आणि एनजीएफ हे दुसरं ग्रोथ फॅक्टर दिलं की डिव्हिजन थांबवून न्यूराइट (न्यूरॉनसारखे लांब धागे) काढतात, आणि दोन्हीकडे ईआरकेच चालू असतं!! मग जीनला कळतं कसं निरोप कुणाचा आलाय? सरांना विचारलं तर म्हणाले क्रॉसटॉक (पाथवेंची आपसात देवाणघेवाण) असतो, संपला विषय.

रविवार_रिकामा: रिसेप्टरच वेगळे आहेत ना, एनजीएफचा ट्रकए आणि दुसरा ईजीएफआर. सोबत बाकीचे पाथवे पण वेगळे पेटत असणार, त्यात काय एवढं.

मेक_मास्तर: एवढ्यावर भागत नाही. पीसी१२ मध्ये ईजीएफआर भरपूर प्रमाणात बनवायला लावला तर त्याच ईजीएफने न्यूराइट येतात, आणि रिसेप्टर बाजूला ठेवून नुसतं कायम चालू असलेलं मेक घातलं तरी येतात. फरक वेळेचा आहे. ईजीएफने ईआरके पाचेक मिनिटात टोकाला जातं आणि तासाभरात बसतं, एनजीएफने तासन्‌तास चालू राहतं.

आता ही वेळ मोजतं कोण, तर सी-फॉस प्रोटीन स्वतः. एल्क-१ आधीपासूनच एसआरएफ या जोडीदार प्रोटीनसोबत सी-फॉसच्या प्रमोटरवर (जीनच्या स्विचवर) बसलेला असतो, त्याला फक्त फॉस्फेट हवा, नवीन प्रोटीन बनायची वाट बघावी लागत नाही, म्हणून सी-फॉसचा आरएनए अर्ध्या तासात भरपूर दिसतो. पण प्रोटीन तयार होऊन न्यूक्लियसमध्ये येईपर्यंत आणखी वेळ जातो, आणि तोवर ईआरके थंड झालं असेल तर बिचाऱ्याला कुणी विचारत नाही, ते पटकन तोडलं जातं. ईआरके अजून चालू असेल तर ते आणि त्याच्या हाताखालचं आरएसके हे कायनेज मिळून फॉसच्या शेपटाकडच्या सेरीन ३६२ आणि ३७४ या अमिनो ॲसिडवर फॉस्फेट लावतात, मग फॉस टिकतं, त्यावर ईआरकेला धरायला जागा उघडते आणि आणखी फॉस्फेट लागतात. म्हणजे जीन दोन्हीकडे चालू, प्रोटीन टिकतं एकीकडेच. हे काम उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये झालंय, २००२ ला, तिथे ईजीएफ विरुद्ध पीडीजीएफ हे ग्रोथ फॅक्टर होतं, पीसी१२ नव्हे, स्लाइडवर नीट लिही.

आणि ईआरके स्वतःच डीयूएसपी फॉस्फटेजची (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमची) जीन्स पण चालू करतं, आणि ती एन्झाइम येऊन ईआरकेवरचेच फॉस्फेट काढतात. मला तर या पाथवेमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

ब्लॉटवाला: वेस्टर्न ब्लॉटचं (प्रोटीन बँडच्या रूपात बघायचं) प्रॅक्टिकल करणार असशील तर पेशींच्या मीडियातलं सीरम आदल्या रात्रीच काढ, नाहीतर शून्य मिनिटालाच फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट लागलेलं, म्हणजे चालू) भरभरून येईल आणि मग बस रडत. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रवात) व्हॅनाडेट आणि फ्लोराइड विसरू नको, नाहीतर ट्यूबमध्येच फॉस्फटेज सगळं खाऊन टाकतात. ४४ आणि ४२ किलोडाल्टनला दोन बँड दिसायला हवेत, टोटल ईआरके पण लाव. आणि खरी मजा बघायची तर ग्रोथ फॅक्टर दिल्यावर अर्ध्या तासाने यू०१२६ (मेक बंद करणारं रसायन) टाक, तोवर आरएनए तर बनलेला असतो, तरी फॉस प्रोटीन टिकत नाही.

पेशीतली_पोर: अरे वा, म्हणजे उशिरा टाकायचं, मी सुरुवातीलाच टाकणार होते 🙈 पण मग पीसी१२ चं सगळं एकटं फॉसच ठरवतं का?

मेक_मास्तर: नाही गं, एकट्यावर नको लादूस. फ्रा-१ आणि मिक या प्रोटीनवर पण ईआरके धरायची तशीच जागा आहे, ती पण हा वेळेचा हिशोब ठेवतात. सुरुवातीलाच मेक बंद केलंस तर सी-फॉसचा आरएनएच कमी होईल, मग प्रोटीन टिकलं नाही की बनलंच नाही हे सांगता येणार नाही. दोन्ही वेळा ठेव.