बोटीच्या एसीचे पाणी बिल्जमध्ये सोडावे का?

प्रश्न
माझी ३२ फुटी मोटारबोट गेटवेजवळ मुरिंगवर (पाण्यातल्या तरंगत्या खुंट्याला बांधलेली) असते आणि शनिवार-रविवारी आम्ही मांडव्याला जातो. केबिनमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होणारा १२,००० बीटीयूचा एसी आहे. बसवणाऱ्याने ट्रेमधल्या पाण्याची (केबिनच्या हवेतून एसीत जमणाऱ्या पाण्याची) नळी सरळ बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, जनरेटरशेजारी सोडली आहे. ऑक्टोबरपासून केबिनमध्ये कुबट वास येतो आणि बोट हेलकावली की ट्रे सांडतो. एसी बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असल्याने उतार देऊन नळी बाहेर काढता येत नाही. काय करावे?

पहिले उत्तर
वासाचा विचार नंतर करा. आधी नळीचे तोंड जनरेटरपासून हलवा, ही कळकळीची विनंती. एसीचा पंखा हवा कॉइलमधून ओढून घेतो, त्यामुळे ट्रेपाशी दाब कमी होतो आणि नळी कोरडी असेल तर तिच्यातून खालची हवा वर येते. जनरेटरच्या एक्झॉस्टला (धूर बाहेर नेणाऱ्या नळीला) बारीक गळती असली तर त्या हवेबरोबर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो. इंजिन किंवा जनरेटरच्या कप्प्यात ही नळी सोडू नये, आणि एक्झॉस्टच्या तोंडापासूनही ती किमान ३ फूट दूर असावी. ट्रे सांडण्याचे कारणही बहुधा हेच असावे, कारण वर येणारी हवा पाण्याला उतरू देत नाही. ट्रेच्या खाली नळीला दोन इंचांचा यू आकाराचा वळसा द्या म्हणजे त्यात पाणी साठून हवेची वाट बंद होईल. मात्र एसी बरेच दिवस बंद राहिला तर ते पाणी वाळते, म्हणून सुरू करण्यापूर्वी ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओतावे. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच.

दुसरे उत्तर
तुमच्या बोटीसाठी बंद झाकणाची संप पेटी (पाणी साठवण्याची पेटी) आणि फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी वाढले की आपोआप सुरू होणारा, छोटा पंप योग्य ठरेल. मुंबईच्या दमट हवेत एवढा एसी ताशी लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. पंपाची नळी पाण्याच्या पातळीच्या बऱ्यापैकी वर बाहेर काढा. ती बिल्ज पंपाच्या नळीला जोडू नका, नाहीतर बिल्जचे पाणी पेटीत परत येईल.

तिसरे उत्तर
एसीच्या बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या नळीत व्हेंचुरी (मध्ये अरुंद होणारा नळीचा तुकडा) बसवली तर वेगळा पंप लागत नाही, कारण त्या प्रवाहाच्या ओढीनेच ट्रे रिकामा होतो. पण आपल्या बंदरातला गाळ पाहता ती तुंबण्याची भीती मला वाटते, आणि तुंबली की खारे पाणी उलट ट्रेमध्ये चढते. मीही पेटीच निवडेन.

प्रश्नकर्ता
आपल्या सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज ट्रे उघडला, तर भोकाच्या तोंडाशी बुळबुळीत साका बसलेला होता. तो काढला आणि नळी जनरेटरच्या कप्प्यातून ओढून तात्पुरती झाकणाच्या डब्यात सोडली आहे. पेटी आणि अलार्म बसेपर्यंत रात्री एसी लावणार नाही.