'स्वेन' या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

वाचनवेडी, नौपाडा (ठाणे):
आमच्या छोट्या वाचनगटासाठी मी मेंढपाळांच्या जीवनावरील काही जुन्या इंग्रजी कवितांचा अनुवाद करीत आहे. त्यांत खेड्यातल्या प्रियकरासाठी 'स्वेन' हा शब्द वारंवार येतो. 'प्रियकर' म्हटले तर त्याच्या अंगावरची माती झडते आणि 'गुराखी' म्हटले तर प्रेम नाहीसे होते. शिवाय थॉमस ग्रे यांच्या १७५१ सालच्या विलापिकेत पिकल्या केसांच्या गावकऱ्यालाही हाच शब्द लावला आहे. असे का?

दर्यावर्दी, नेरूळ:
मी अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर होतो. खलाशांच्या ज्या मुकादमाला आम्ही 'बोसन' म्हणत असू, त्याच्या नावाच्या मूळ इंग्रजी लेखनात 'बोट' आणि 'स्वेन' हे दोन शब्द आहेत. (भारतीय खलाशांत तोच 'सारंग'.) जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाचा अर्थ मुलगा किंवा सेवक असा होता, पुढे इंग्रजीत तो गुराखी, शेतगडी यांच्यासाठी वापरला जाऊ लागला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून कवींनी त्याला प्रियकर केले. ग्रे यांचा म्हातारा हा यांतल्या मधल्या अर्थाचा आहे, म्हणून तिथे 'गावकरी' पुरेसा आहे.

गाथाप्रेमी, ठाणे:
आपल्याकडे याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो फार जुना आहे. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत 'हलिअउत्त', म्हणजे नांगऱ्याचा पोर, प्रियकर म्हणून येतो, आणि तिथे शेते व गोदावरीचा काठ हीच प्रेमाची जागा असते. फरक एवढाच की इंग्रजी स्वेन पुष्कळदा स्वतःच आपले दुःख गातो, तर गाथांमध्ये अनेकदा स्त्री बोलते. 'गोप' मात्र कृपया टाळावा, कारण आपल्या कानांना त्यात कृष्णच ऐकू येतो आणि बिचारा साधा मेंढपाळ त्याच्या सावलीत हरवतो. लावणीतला 'राया' जवळचा वाटतो, पण ती प्रेयसीच्या तोंडची हाक आहे. कवी तिऱ्हाईतपणे सांगत असेल तिथे ती चालणार नाही.

वाचनवेडी, नौपाडा (ठाणे):
दोघांचीही मनापासून आभारी आहे. जिथे तो मेंढ्या राखतो तिथे 'मेंढक्या', शेतात राबतो तिथे 'नांगऱ्याचा पोर' आणि प्रेयसी बोलते तिथेच 'राया' असे ठेवते. एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट मी सोडला आहे. मात्र 'मेंढक्या' शब्दाला प्रेमाची छटा यावी म्हणून आधीच्या ओळीत तिचे नाव आणावे लागेल, असे दिसते.

गाथाप्रेमी, ठाणे:
अवश्य आणावे. गाथेतल्या त्या पोरालाही प्रियकरपण शब्दातून नव्हे, त्याच्याकडे पाहणाऱ्या मुलीमुळे मिळते.