तलंगांची अंडी लिबलिबीत येताहेत, पानाचा चुना घालू का?

साखळीची सून

नमस्कार. आमच्याकडे सहा तलंगा (अंड्यावर येऊ लागलेल्या तरुण कोंबड्या) आहेत, ग्रामप्रिया जातीच्या. एप्रिलमध्ये महिन्याची पिल्लं आणली होती. चवथीच्या आदल्या दिवशी पहिलं अंडं मिळालं, लिंबाएवढंच पण टणक. घरात शिवराक (शाकाहारी) चालू, म्हणून बिचारं चार दिवस फ्रीजच्या कोपऱ्यात वेगळ्या वाटीत बसून राहिलं. मग एक सोडून बाकीच्याही एकीमागून एक घालू लागल्या, पण मधूनमधून बिनकवचाचं येतंय. काल सकाळी खुराड्यात हात घातला तर भुशात काहीतरी ओलसर, पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागलं. उचलायला गेले तर बोट आत. हात धुवून परत येते तोवर तांबडीने उरलेलं साफ केलं होतं.

खाणं असं: सकाळी ग्रोवर (वाढत्या पिल्लांचं तयार खाद्य), दुपारी उरलेला भात आणि भाताचा कोंडा. एरवी परसात सोडते, पण पावसात दोन महिने बहुतेक कोंडूनच होत्या. सासूबाई म्हणतात, डबीतला पानाचा चुना चिमूटभर भातात कालव. शेजारचे भाऊ म्हणतात, गाईला देतात ती कॅल्शियमची बाटली आण आणि पाण्यात घाल. मला वाटतं तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं कुटून द्यावीत, पण श्रावणापासून घरात मासळीच नव्हती, आत्ता कुठे सुरू झालीय. शिवाय त्याच खुराड्यात दीड महिन्याची चार गावठी पिल्लं आहेत, सगळी एकाच भांड्यात खातात. काय करू?

खुराडेवाला, पेडणे

वहिनी, आधी चुन्याची डबी सासूबाईंना परत द्या. शिंपल्या भट्टीत भाजून, पाणी मारून केलेला तो चुना. मूळ वस्तू तीच, पण भाजल्यावर तिचा स्वभाव बदलतो. जीभ पोळते ना पानात जास्त झाला तर? कोंबडीच्या गळ्यातल्या पिशवीचं तेच होईल. कोंबडीला द्यायची ती न भाजलेली शिंपली.

तलंगेची सुरुवातीची दोन-चार अंडी अशी येतातच, शरीराची घडी बसायची असते. पण तुमच्याकडे खाण्यातही कमी पडतंय. एका अंड्याचं कवच पाच-सहा ग्रॅमचं, त्यात दोन ग्रॅमच्या वर नुसतं कॅल्शियम. ग्रोवरमध्ये ते साधारण 1 टक्का असतं, अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात, म्हणजे लेयरमध्ये, साडेतीन-चार टक्के. त्यात तुम्ही दुपारी भात-कोंडा घालून तो 1 टक्काही पातळ करता. मग ती स्वतःच्या हाडांतून काढून कवच बांधते, आणि तिथलं संपलं की तुमचं बोट आत जातं.

तिसऱ्या, खुबे, कालवं, काहीही चालेल. मी असं करतो: कवचं दोन पाण्यांतून धुवायची, मीठ जायला हवं. एक उकळी द्यायची म्हणजे चिकटलेलं मांस सुटतं, नाहीतर मुंग्या आणि वास. उन्हात कडक वाळवायची. मग गोणपाटात गुंडाळून दगडी रगड्यात वरवंट्याने ठेचायची. गोणपाट विसरू नका, माझ्या भुवईवर अजून खूण आहे. पीठ करायचं नाही. मसूरडाळीएवढे तुकडे हवेत. पीठ पोटातून लगेच पुढे सरकतं. तुकडा पोट्यात (पोटा-कलेजीतला तो पोटा) राहतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळतो. कवच बनायला वीसेक तास लागतात, त्यातला बराच वेळ रात्रीचा, खाणं बंद असतानाचा. म्हणून संध्याकाळी खुराड्यात जाण्याआधी त्यांना ते मिळायलाच हवं.

खाण्यात मिसळू नका. वेगळं ठेवा, जिला हवं ती खाते. दिवसाला कोंबडीमागे चमचाभर धरा. आणि पिल्लांना ते नकोच, नको तितकं कॅल्शियम गेलं की त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. उपाय सोपा आहे: नारळाची करवंटी तारेने खांबाला मोठ्या कोंबडीच्या छातीच्या उंचीवर बांधा. पिल्लं खालून नुसती बघत बसतात. गाईची बाटली याच कारणाने नको, पाणी सगळीच पितात.

वाळपईवाली

तिसऱ्या मिळेपर्यंत अंड्यांचीच टरफलं द्या. पण तव्यावर नुसती शेकून, चुरून. अख्खी अर्धी टाकलीत तर अंडं फोडून खायची चटक लागते, आणि तुमची तांबडी आधीच त्या वाटेवर आहे! माझ्या एकीला शेवटी कापावं लागलं. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

निवृत्त पशुवैद्यक, फोंडा

वरचं बरोबर आहे. थोडी भर घालतो. कॅल्शियम पोटात गेलं तरी डी-3 जीवनसत्त्वाशिवाय अंगी लागत नाही, आणि ते ऊन लागल्यावर तयार होतं, मुख्यतः पायांच्या उघड्या कातडीत. दोन महिने कोंडलेल्या कोंबड्यांत मी आधी तिकडे बघेन. ऊन पडेल तेव्हा तासभर तरी सोडा. कोंड्यातली फायटेटं नावाची द्रव्यं कॅल्शियमसारखी खनिजं बांधून ठेवतात, तो हळूहळू कमी करा. मोठ्या सहांना लेयर, पिल्लांना ग्रोवर आणि वेगळा कोपरा, हे सगळ्यात चांगलं. तसं केलंत तरी करवंटी राहू द्या.

एखादी पंख फुगवून, शेपूट खाली टाकून सरळ उभी राहते आणि कण्हल्यासारखी जोर करते, तर अंडं अडकलंय समजा. पोटाखालचा भाग कोमट पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग अंधाऱ्या शांत जागी. तरी सुटलं नाही तर दवाखान्यात न्या, दाबून काढायला जाऊ नका. कवचं आहेत पण सुरकुतलेली आणि कोंबड्या शिंकताहेत, तर तो कॅल्शियमचा प्रश्न नाही, आजार आहे.

साखळीची सून

तीन आठवड्यांनी लिहितेय. शनिवारी दोन वाटे तिसऱ्या आणल्या, आम्ही सुकं खाल्लं, कवचं धुऊन-उकळून पत्र्यावर वाळत घातली. दुपारी सर आली, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, चार दिवस गेले. रगडा होताच, गोणपाट वापरलं. करवंटी बांधली तर पहिल्या दिवशी कोणी ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी तांबडी आली, एक तुकडा उचलला, टाकला, पुन्हा उचलून गिळला. आता साडेपाचला खट् खट् आवाज सुरू होतो तो दिवेलागणीपर्यंत. गंमत म्हणजे सहांपैकी जी अजून घालत नाही, तिचा तुराही फिकाच आहे, ती करवंटीकडे फिरकतसुद्धा नाही. तिला कोणी सांगितलं असेल?

गेल्या दहा दिवसांत एकच लिबलिबीत आलं. लेयर चालू केलंय, कोंडा जवळजवळ बंद. सासूबाईंना चुन्याचं कारण सांगितलं, तर म्हणाल्या, मी कुठे खाऊ घाल म्हटलं, खुराड्याला फासायला सांगितलं होतं.

कुर्ल्यांची कवचं पण चालतील का? रविवारी आणायचा विचार आहे.

खुराडेवाला, पेडणे

चालतात, पण वास फार मारतो. नीट उकळून वाळवा आणि वाळत घालाल तिथे मांजराची राखण ठेवा. मी तिसऱ्यांवरच आहे.