टायटॅनियमचा निळा उन्हाने उडत नाही
‘अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅनोडायझिंगसारखा हाही रंग दोन उन्हाळ्यांत फिका पडेल’ हे टायटॅनियमच्या रंगाबद्दल ऐकलेलं मत पटलं नाही. (अ‍ॅनोडायझिंग म्हणजे वीज वापरून धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा थर चढवणं.) अ‍ॅल्युमिनियमवर थरातल्या बारीक छिद्रांत डाय, म्हणजे रंगद्रव्य, भरतात, उन्हाने उडतो तो डाय. टायटॅनियमवर डाय नसतोच. पारदर्शक ऑक्साइडच्या वरून आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यातून रंग दिसतो. जाडी बदलली की रंग बदलला.

रबाळे एमआयडीसीत मी हेच काम करतो. व्होल्टेज वाढवलं की थर जाड होतो: साधारण १५ व्होल्टला तपकिरी-सोनेरी, ३० ला निळा, ६० ला पिवळा, १०० च्या पुढे हिरवा. लाल मात्र येत नाही. आणि निळ्याच्या पुढे गेलात तर व्होल्टेज उतरवून मागे येता येत नाही, थर काढून पहिल्यापासून सुरुवात. एका गिऱ्हाइकाने डाग पडला म्हणून निळी पट्टी परत आणली होती. बघतो तर अंगठ्याचा स्वच्छ ठसा, तेवढाच वेगळ्या छटेचा! बोटाच्या तेलाचा पापुद्राही प्रकाशाचं गणित बदलतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, निळा जसाच्या तसा. जपायचं ते ओरखड्यापासून.