चालतं मशीन भंगारात का घालायचं?

लालबागकर
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या इमारतीत लोकांनी धडाधड लॅपटॉप भंगारात काढायला घेतले. बिघाड काहीच नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती त्यांत नाही, एवढंच. मी माझ्या लॅपटॉपसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क आणली, मागचे स्क्रू काढून घरीच बसवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट, खुली प्रणाली टाकली. बँकेचं काम, लेकीचा अभ्यास, सगळं त्यावर होतं.

हल्ली आत्मनिर्भर म्हटलं की लोक भारतीय कंपनीचं ॲप दाखवतात. कंपनी चेन्नईची असो की अमेरिकेची, कुलूप आणि किल्ली दोन्ही तिच्याकडेच असतील तर आपण भाडेकरूच. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीचं काय झालं? मुख्यालय मुंबईत, पण युरोपियन युनियनने निर्बंध लावले म्हणून मायक्रोसॉफ्टने सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे त्या पुन्हा सुरू झाल्या.

फोर्टचा सीए
नायराचं उदाहरण इथे बसत नाही. ते अडकले कारण मेल दुसऱ्याच्या सर्व्हरवर होती. तुम्ही लिनक्स वापरून मेल परक्या क्लाउडवर ठेवलीत तर तुमचंही तेच होणार.

आणि आमच्या ऑफिसचं काय? हिशेबाचं टॅली विंडोजवर चालतं. रिटर्नच्या गर्दीत प्रिंटर रुसला तर मी क्लायंट सांभाळू की इंटरनेटवर उपाय शोधत बसू? एक फोन केला की माणूस येतो, त्याचे पैसे मी आनंदाने देतो. स्वतःच स्क्रू काढणं हा तुमचा छंद आहे, माझा धंदा नाही.

लालबागकर
सर्व्हरचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मी फोटो आणि कागदपत्रं घरच्या डिस्कवर ठेवतो. पण स्क्रू प्रत्येकाने स्वतः काढावा असं मी म्हणतच नाही. लॅमिंग्टन रोडचा कारागीरही काढू शकतो. त्याला तो काढता यावा, कंपनीने अडवू नये, एवढंच मागणं आहे.

दादर डीटीपी
सीए साहेब, धंद्याचंच सांगतो. आमच्याकडे दिवाळी अंकांची जुनी पानं आहेत, पैसे मोजून घेतलेल्या एका मराठी फॉन्ट पॅकेजमध्ये केलेली. त्याचा डोंगल, म्हणजे लायसन्सची किल्ली असलेला छोटा डबा, प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागायचा. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरं, टिंबं आणि डोक्यावर टोप्या घातलेली स्वरचिन्हं यांचा काला. मजकूर आमचा, टायपिंग आमचं, आणि वाचता आम्हालाच येत नाही! छापील अंक समोर ठेवून मुलीकडून पुन्हा टाइप करून घेतलं.

आता आम्ही सगळं युनिकोडमध्ये करतो, कुठल्याही मशीनवर वाचता येतं. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने काढलेला ‘मुक्ता’ फॉन्ट घ्या, लायसन्स खुलं आहे. उद्या ते नसले तरी फॉन्ट कोणीही दुरुस्त करू शकतो.

ठाणे फास्ट
खुलं आहे म्हणून सुरक्षित, हा समज मात्र सोडा. एक्सझेड आठवतं? जगभरच्या लिनक्समध्ये असलेलं, फाइली लहान करणारं साधन, सांभाळणारा थकलेला एकटा माणूस. मदतीच्या मिषाने कोणीतरी आत शिरलं आणि चोरवाट ठेवली. मार्च २०२४ मध्ये ती सापडली, कारण ॲन्ड्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हा प्रश्न पडला. तो पगार घेतो मायक्रोसॉफ्टचा! फुकटच्या मेहनतीवर देशाचा कारभार चालवायचा का?

लालबागकर
नाहीच चालवायचा. सरकारने आणि बँकांनी त्या एकट्या माणसाला पगार द्यायला हवा, हे मी कुठेही मांडेन. पण फ्रॉइंडला कोड उघडून बघता आला म्हणून चोरवाट सापडली. बंद पेटीत तो काय बघणार होता?

सीए साहेब, तुमच्याकडची जुनी मशीन्स कुठे जातात? डिस्क काढून घ्या आणि बाकीचं मला द्या. मिंट टाकून आमच्या चाळीतल्या मुलांना देतो.

फोर्टचा सीए
शनिवारी ऑफिसला या, देतो. पण तीच मुलं उद्या अकाउंट्सच्या नोकरीसाठी माझ्यासमोर बसली की मी टॅलीच विचारणार. ते कुठे शिकवणार, तेवढं आधी ठरवा.