'रोबोटेक': सेन्सॉरपेक्षा भागांची गरज मोठी

परदेशी डबिंगमध्ये अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) बदलतात ते निव्वळ सेन्सॉरपायी, असं म्हटलं जातं. तीन जपानी मालिका जोडून अमेरिकेत बनवलेल्या १९८५ च्या 'रोबोटेक'कडे बघितलं तर ते पटत नाही. अमेरिकेत सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायच्या मालिकेला तेव्हा साधारण ६५ भाग लागत, म्हणजे १३ आठवड्यांची बेगमी. त्यातल्या पहिल्या मालिकेचे, 'मॅक्रॉस'चे, भाग होते फक्त ३६. म्हणून निर्माते कार्ल मेसेक यांनी त्याला 'सदर्न क्रॉस'चे २३ आणि 'मोस्पेडा'चे २५ जोडले. तिन्ही कथांचा आपसात काडीचाही संबंध नव्हता! सांधा म्हणून जुन्याच दृश्यांतून एक भाग रचला, एकूण ८५.

खरी कमाल संवादांची. मूळ 'मॅक्रॉस'मध्ये प्रोटोकल्चर ही प्राचीन प्रजाती. 'रोबोटेक'मध्ये तो ऊर्जास्रोत झाला आणि तिन्ही कथांमधली युद्धं त्याच्यासाठीच चाललीत असं ठरलं. मॅक्स आणि मिरिया या जोडप्याला 'मॅक्रॉस'मध्ये बाळ आहेच. तीच मुलगी मोठी झाली असं सांगून 'सदर्न क्रॉस'च्या नायिकेला डेना केलं. संगीतही नवं. सगळ्यात जास्त मोडतोड 'सदर्न क्रॉस'चीच झाली, कारण परग्रहावरची अख्खी कथा पृथ्वीवर आणावी लागली.

'मॅक्रॉस'मधल्या रॉय फॉकर या वैमानिकाचा मृत्यू मात्र त्यांनी कापला नाही. त्या काळच्या अमेरिकी कार्टूनमध्ये हे धाडसच होतं.